चाळीस हजारांचं जेवण

आई गेल्याची बातमी ह्वांग साहेबांनी कळवली आणि पहिल्याच मिनिटात त्यांना अभिनंदनाचे संदेश यायला लागले. "शाब्बास!" "काय मोठी बातमी! अजून घेतो!" "सगळ्या टीमचं कौतुक!" प्रत्येक ओळीच्या शेपटाला आकाशात निघालेल्या अग्निबाणाचं चित्र. साहेब काळा सूट घालून, दंडावर सुतकाची पट्टी बांधून आईच्या फोटोशेजारी उभे होते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"प्यो बाई, माझा चष्मा बिघडलाय का बघा हो."

चष्मा ठीक होता. मी दोनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला. एकवीस वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काढली, पण त्यांना काय सांगावं हे मला सुचलं नाही अशी वेळ त्याआधी आली नव्हती.

मुळात हा माणूस या भानगडीत पडला कसा, ते सांगते. आम्ही दोघं मिरचीचं आंबवलेलं वाटण विकणाऱ्या एका कंपनीत होतो. सोलमधलं एकही मोठं दुकान नसेल जिथे शनिवारी आमचं टेबल लागलं नाही. टेबलावर तवा, तव्यावर वाटणात परतलेले तांदळाच्या पिठाचे उकडलेले तुकडे, दातकोरणीला टोचलेले. साहेब विक्रीविभागाचे प्रमुख, पण खुर्चीत बसवत नसे त्यांना. स्वतः एप्रन बांधून उभे राहायचे आणि जाणाऱ्याला असा आवाज द्यायचे की जणू तो माणूस घर चुकलाय. "जो थांबला तो अर्धा आपला," असं आम्हा पोरींना शिकवायचे, "ज्याने तोंडात टाकलं तो पाऊण आपला. उरलेला पाव त्याची बायको ठरवते, तिकडे आपण बोलायचं नाही." आणखी एक हिशेब त्यांचा ठरलेला होता. शंभर जणांना पत्रक वाटलं की एक येतो. तो शंभरातला एक त्यांना कधी दगा देत नसे.

गिऱ्हाईक थांबत नसेल तर आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. आपलंच माणूस गिऱ्हाईक म्हणून उभं करायचं, त्याने खाऊन वाहवा करायची. अशा माणसाला आम्ही वारा आणणारा म्हणतो. साहेब नवीन होते तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांच्या टेबलाकडे चिटपाखरू फिरकत नव्हतं. तेव्हा त्यांच्या आईने मांगवोन बाजारातलं आपलं शेवयांचं दुकान बंद ठेवलं आणि ती बसने येऊन टेबलापुढे उभी राहिली. "अगंबाई, हे काय चविष्ट आहे! कुठे बनतं हो?" असं ओरडत तिने खाल्लं. मागे चार बायका थांबल्या. बाईंनी खोटं गिऱ्हाईक व्हायचं म्हणून इतकं खरं खाल्लं की रात्री पोटाला तडस लागली. हे साहेब स्वतः सांगत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

पन्नाशी उलटली आणि कंपनीने त्यांना सन्मानाने निवृत्त केलं. सन्मान म्हणजे नाव कोरलेला काचेचा एक तुकडा, आणि दारातल्या पोराने गळ्यातून काढून घेतलेलं ओळखपत्र. सहा महिने साहेब रोज सकाळी टाय लावून घराबाहेर पडायचे आणि नदीकाठी जाऊन बसायचे. मग कुणाच्या तरी ओळखीने सोलमधल्याच तेहेरान नावाच्या रस्त्यावरच्या एका नव्या कंपनीत लागले. गालमेगी तिचं नाव. समुद्रपक्ष्याचं नाव दिलेलं एक नाणं, फोनमधलं, हातात न येणारं. २०१८ साल ते. शाळेतली पोरंसुद्धा नाण्यांचे भाव बोलायची, आणि अर्धं शहर रात्रीत श्रीमंत व्हायच्या नादात होतं.

पहिल्या दिवशी साहेबांना विचारलं, तुझं नाव काय ठेवायचं? त्या ऑफिसात वय नाही, हुद्दा नाही, साहेब नाही की ताई नाही. प्रत्येकाने एक इंग्रजी नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी एकमेकांना अरेतुरे करायचं. साहेबांनी घाबरून जे आठवलं ते सांगितलं, पीटर. मालक अठ्ठावीस वर्षांचा, त्याचं नाव ईथन. ह्वांग साहेबांना त्यांच्या बायकोनेही कधी नुसत्या नावाने हाक मारली नसेल, आणि इथे कॉफीच्या मशीनजवळ धाकट्या लेकीच्या वयाची मुलगी म्हणते, "पीटर, सरक ना जरा."

मला फोन करून सांगत होते. मी म्हटलं, "राग नाही आला?"

"राग कसला येतोय. मी मागे वळून बघितलं, पीटर कोण आलाय म्हणून."

त्यांच्या आईला मात्र ते पटलं नाही. बाजारातल्या चार टेबलांच्या त्या दुकानात मी त्या दिवशी शेवया खात बसले होते. आई म्हणाल्या, "पन्नाशीत नवं नाव ठेवून घेतलंस? मी ठेवलेलं आटलं का धुऊन धुऊन?"

"आई, कामाचं नाव आहे ते."

"आणि काम काय?"

साहेबांनी समजावलं. "समज, या बाजारातल्या प्रत्येक दुकानात एकच वही आहे. तू लिहिलंस की सगळ्यांच्या वहीत उमटतं. खोडायचं तर प्रत्येकाच्या दुकानात शिरून खोडावं लागेल. आम्ही मासळीच्या खोक्यांना तशी वही लावलीये. कुठल्या होडीने पकडली, कधी पकडली, कुणी खोटं लिहू शकत नाही."

"चांगलं आहे की. कोळीणबाई शिळं ताजं करू शकणार नाही. मग त्यात नाणं कशाला?"

"ते मलाही अजून नीट कळलेलं नाही," साहेब म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना.

"माणसं येतात का पण?"

इथे साहेबांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मी तो उजेड पाहिला. "चाळीस हजार आहेत, आई. फोनमधल्या गप्पांच्या एका खोलीत. रोज सकाळी मी विचारतो, जेवलात का? की शेकड्यांनी उत्तरं येतात."

"चाळीस हजार," आई म्हणाल्या. "आणि खातात काय?"

आम्ही हसलो. आई हसल्या नाहीत. कढई घासता घासता म्हणाल्या, "मी मेले की माझ्या दारात बूट दिसू देत रे, मुनसिक. रिकाम्या दुकानाची मला आयुष्यभर भीती वाटली. गिऱ्हाईक नसलं की मी उगाच दाराशी माझेच दोन जोड ठेवायचे."

"आई, माझी चाळीस हजार माणसं आहेत. दारात पाय ठेवायला जागा राहणार नाही."

हे वाक्य त्यांनी दिलं होतं, आणि आठ महिन्यांनी आई गेल्या तेव्हा ते वाक्य त्यांच्या मानगुटीवर बसलं.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या तीन नंबरच्या शोकगृहात आईंना ठेवलं. आमच्याकडे तिथे तीन दिवस माणसं येतात, फोटोला नमस्कार करतात आणि जेवून जातात. आलेल्यांची नोंद घ्यायला दारातल्या टेबलावर मी बसले, कारण असल्या जागी घरच्यासारखं माणूस लागतं. दुपार झाली तरी जेवणाच्या खोलीच्या पायरीवर बुटांचे जेमतेम पंधरा जोड होते. साहेबांच्या दोन मावश्या, बाजारातल्या काही म्हाताऱ्या, जुन्या कंपनीतले तिघं. तेही घड्याळ बघत. आमच्याकडे म्हणतात, मंत्र्याचं कुत्रं मेलं तर रांग लागते, मंत्री मेला तर कुणी येत नाही. साहेब खुर्चीवर होते तेव्हा त्यांच्या सासऱ्याच्या वेळी शोकाच्या फुलांची चक्रं जिन्यापर्यंत लागली होती. माल पुरवणाऱ्या एकेकाने दोन दोन पाठवलेली. आता घर फिरलं तसे वासेही फिरले होते.

म्हणून त्यांनी फोनमधल्या त्या खोलीत बातमी टाकली. दुसरा कुणी असता तर टाकली नसती. पण साहेबांचं गणित सरळ होतं. ज्यांना रोज जेवलात का विचारतो, त्यांना आई गेल्याचं कळवायचं नाही? गावात कुणी असं केलं तर लोक तोंड बघणार नाहीत.

आणि उत्तरं आली ती तशी. अग्निबाण लावलेली.

"घाईत वाचलं असेल," साहेब म्हणाले. "दुपारची वेळ, कामात असतात लोक." त्यांनी पुन्हा लिहिलं. माझी आई वारली आहे, हॉस्पिटलच्या तीन नंबरच्या खोलीत जेवण ठेवलं आहे, सर्वांनी यावं. लगेच उत्तरांचा लोंढा आला. "कधी? कधी?" "वाट बघतोय!" "थांबवत नाही आता!"

"बघा," साहेब म्हणाले, "वेळ विचारतायत."

तेवढ्यात स्वयंपाकघरातली बाई वही घेऊन आली. किती पानं लागतील?

"चारशे," साहेब म्हणाले.

मी टेबलावरून उठलेच. "साहेब, चाळीस मांडू या आधी. लागलं तर वाढवता येतं."

"शंभरात एक, प्यो बाई. तुम्हाला मीच शिकवलंय." आणि बाईकडे वळून म्हणाले, "रस्सा तिखट करा. आईला फिका आवडत नसे."

तासाभरात ईथन आला. काळा सूट, पायात पांढरे खेळाचे बूट. त्याच्यामागे दोन माणसं भलंमोठं फुलांचं चक्र घेऊन. रिबिनीवर लिहिलेलं, गालमेगी परिवार, चाळीस हजार सदस्यांतर्फे. त्याने फोटोपुढे रीतसर दोनदा डोकं टेकवलं, साहेबांना नमस्कार केला, आणि मग हळूच म्हणाला, "पीटर, तू ती पोस्ट काढ ना. हसं होतंय."

थोरल्या मावशीने तोंडावर हात ठेवला. सुतकात असलेल्या थोरल्या माणसाला हे पोरगं अरेतुरे करतंय, तेही देवाघरी गेलेल्या बाईच्या फोटोपुढे.

"हसं कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"अरे, बाहेरचे लोक फोटो काढून फिरवतायत. माणूस मेल्याची बातमी आणि खाली सगळे अभिनंदन करतायत."

"तेच मी म्हणतो. असं कसं लिहितात लोक?"

ईथन माझ्याकडे बघायला लागला, मग जमिनीकडे. त्याला खरंच वाटत होतं की साहेबांना माहीत आहे. "लोक नाहीत ते, पीटर. मशीन आहे. आपण विकत घेतलेले आहेत. तू काहीही लिही, ते चांगलंच बोलतात."

साहेबांनी फोन उघडून ते संदेश पुन्हा पाहिले. शेजारच्या खोलीत चर्चमधल्या बायका प्रार्थना म्हणत होत्या.

"सगळे?" साहेबांनी विचारलं.

"सगळे नाहीत. असतील काही खरे. बंदरावरचे कामगार घातलेत आपण, पण त्यांनी आवाज बंद करून ठेवलाय. सगळेच करतात रे हे. रिकाम्या हॉटेलात कुणी शिरतं का? तूच सांगितलं होतंस ना, तुमच्याकडेही ते वारा आणणारे असायचे."

मला वाटलं आता साहेब याच्या कानाखाली देणार. मी दिली असती. पण त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. त्यांनी भिंतीला हात लावला.

"माझी आई होती वारा आणायला," ते म्हणाले. "ती जेवली तरी होती रे."

ईथनला काही उमगलं नाही. तो फोन घेऊन बाहेर गेला. साहेब फोटोशेजारी बसले आणि एकदाच मला विचारलं, "प्यो बाई, मग मी आठ महिने रोज सकाळी कुणाला विचारत होतो?"

आत स्वयंपाकघरात चारशे माणसांचा रस्सा उकळत होता. बोलाचीच कढी म्हणावं तर ही कढी खरी होती, हेच वाईट.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. साठीपुढची, केस आखूड कुरळे, पायात रबराचे गमबूट, अंगाला मासळीचा वास. माझ्याकडे न बघता आत डोकावून म्हणाली, "पीटर सायेब हितंच हायत न्हवं?"

धाकटी मावशी पुढे झाली. "पीटर इथे नाही हो. चर्चवाले शेजारी, चार नंबरला."

बाई चार नंबरला गेली, आणि थोड्या वेळाने परत आली. "तितला पीटर मेलेला हाय. मला जित्ता पाहिजे, आई वारलेला."

मी उठून उभी राहिले. या नावाने हाक मारणारं ऑफिसबाहेर कुणी असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेब बाहेर आले. बाईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुमी पीटर? मला वाटलं फिरंगी असशीला."

"आपण कोण, ताई?"

"सात नंबरची होडी," बाई म्हणाली.

साहेबांनी नकळत हात जोडले. हे नाव मलाही माहीत होतं. खोलीतले शेकडो लोक 'जबरदस्त', 'पुढे चला' असं लिहायचे, पण हा एक रोज काय खाल्लं ते लिहायचा. 'जेवण झालं. बांगडा.' 'जेवण झालं. कालचाच भात.' साहेबांना तो कुणी गमतीदार कोळी वाटायचा. मला फोनवर वाचून दाखवायचे.

बाई फोहांगच्या बंदरावर मासळीची खोकी भरत होती. कंपनीचं चिकटपत्र खोक्याला लावायचं, फोनने टिपायचं, एवढ्यासाठी तिला त्या खोलीत घातलेलं. पहाटे बसमध्ये बसून ती आली होती.

"नाणी घेतलीत का तुम्ही, ताई?" साहेबांनी घाबरत विचारलं. मला कळलं, आपल्या नादाने कुणाचे पैसे बुडाले तर नाहीत ना, आता त्यांना तीच एक धास्ती होती.

"कसली नाणी? मला त्यातलं काय बी कळत न्हाई. आमचे मालक गेल्यापास्नं घरात कुणी इचारत न्हाई, जेवलीस का म्हणून. तुमी रोज इचारता. मग उत्तर द्याया नको व्हय?" मग तिने फोटोपुढे जाऊन सावकाश दोनदा डोकं टेकवलं, उठली आणि साहेबांना म्हणाली, "आज मी इचारते. जेवलासा का तुमी?"

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. दोन दिवसांत त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं. नंतर ते रडले, माणूस लहानपणी रडतो तसं मोठ्याने, आणि मावश्यांनीही त्यांना गप्प केलं नाही.

मी बाईला जेवायला बसवलं. एवढी मोठी खोली, कागद अंथरलेली टेबलांची रांग, आणि मधोमध ती एकटी. पुढे रस्सा, भात, उकडलेलं डुकराचं मांस, शेंगदाणे. तिने चमचा उचलला आणि खाली ठेवला.

"एकटीनं कसं जेवू? मयताच्या घरी एकटं जेवत न्हाईत. आत्म्याला वाटतं आपलं कुणी न्हवतंच." ती साहेबांकडे बघून म्हणाली, "बोलवा की कुणाला तरी."

साहेबांनी डोळे पुसले, जाकीट नीट केलं, दंडावरची पट्टी सरळ केली आणि बाहेर बोळात जाऊन उभे राहिले. फुलांचं चक्र पोचवून एक पोऱ्या परत चालला होता.

"थांबा हो जरा!" साहेबांचा आवाज आला. तोच आवाज. एकवीस वर्षं मी दुकानादुकानांतून ऐकलेला. "सकाळपासून फुलं वाहताय, पोटात काही आहे का? माझ्या आईचं जेवण आहे. शेवयावाली होती ती मांगवोनची, उपाशी कुणाला सोडलं नाही तिने. रस्सा गरम आहे. आधी तिला नमस्कार, मग एक वाटी. चाखून तर बघा."

थोरली मावशी धावत आली. "मुनसिक! सुतकात दुकान मांडलंस का? लोक काय म्हणतील?"

"लोक आहेत कुठे, मावशी? आधी येऊ दे, मग म्हणतील."

पोऱ्या गोंधळून थांबला होता. जो थांबला तो अर्धा आपला. पण पुढे होईना. आत एकच म्हातारी, समोर परकी माणसं. मला एकाएकी कळलं की आता कुणाचं काम आहे. मी नोंदीचं टेबल सोडलं, दारासमोरच्या जागेवर जाऊन बसले, एक वाटी पुढे ओढली आणि जोरात भुरका मारला.

"अगंबाई," मी बोळात ऐकू जाईल असं म्हणाले, "काय रस्सा झालाय हा!"

रस्सा खरंच चांगला झाला होता. पोऱ्याने बूट काढले.

मग जोडीदाराला हाक मारली त्याने. मग शववाहिकेचे दोघं चालक आले, मग पहारेकरी, मग चार नंबरमधल्या प्रार्थनेच्या बायका, ज्यांच्याकडचं जेवण संपलं होतं. प्रत्येकजण आधी आईच्या फोटोपुढे वाकत होता, कारण साहेब त्याशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. प्रत्येकाला ते नाव, गाव विचारत होते आणि आईचं काहीतरी सांगत होते. गमबूटवाली बाई आता वाढायला उठली होती आणि कोण किती खातो यावर शेरे मारत होती. थोरली मावशी पायरीशी बसली, तोंड फुगवून, आणि एकावर एक पडलेले बूट जोडीने लावू लागली.

ईथन पुन्हा आला तेव्हा त्याला आत शिरायला जागा नव्हती. "पीटर, हे कोण सगळे?" त्याने विचारलं. "आपल्या खोलीतले?"

"तुझ्या खोलीतली ती एक," साहेब म्हणाले आणि बाईकडे बोट केलं. "तिला मी माझा नंबर दिलाय. सोमवारपासून मी तिकडे येत नाही. आणि माझं नाव मुनसिक आहे, बाळा. ये, बूट काढ, जेवून घे."

ईथनने खाली वाकून पांढऱ्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

जुनी सवय जात नाही. मी दारात उभी राहून पायरीवरचे जोड मोजायला लागले होते, दुकानात डोकी मोजायचे तसे. साहेबांनी ते पाहिलं.

"मोजू नका, प्यो बाई," ते म्हणाले. "जागा करा. अजून येतायत."